गाणे, ध्वनिमुद्रण आणि आवाज : ‘थोडा रेशम लगता है’च्या निमित्ताने

प्रस्तावना

‘ज्योती’ या १९८१ साली प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटात ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे आहे. आनंद बक्षी यांचे शब्द, बप्पी लाहिरी यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा आवाज लाभलेले हे गाणे पडद्यावर अरुणा इराणी यांच्यावर चित्रित झाले. त्यानंतर सुमारे वीस वर्षे ते जुन्या गाण्यांच्या गर्दीत राहिले. २००२ साली मात्र ते दोन अगदी भिन्न वाटांनी पुन्हा लोकांच्या कानांवर आले. अमेरिकेत ‘ट्रूथ हर्ट्‌स’ या नावाने गाणाऱ्या गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात लताबाईंचा मूळ आवाजच वाजू लागला आणि ते गाणे बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच वर्षी भारतात हॅरी आनंद यांनी ‘कलियों का चमन’ या नावाने त्याचे नवे रूप सादर केले. त्यात चाल जुनी होती. आवाज मात्र नव्या गायिकेचा होता आणि वाद्यमेळही नव्याने बांधलेला होता.

पहिल्या प्रकारास सॅम्पलिंग म्हणतात, तर दुसऱ्यास कव्हर किंवा ‘व्हर्जन’. सर्वसामान्य श्रोत्याला या दोहोंत फारसे अंतर जाणवत नाही. जुने गाणे नव्या ठेक्यावर ऐकू आले, एवढेच त्याला कळते. कायदा मात्र या दोन कृतींकडे सर्वस्वी वेगळ्या दृष्टीने पाहतो. एका कृतीस तो काही अटींवर स्वतःच वाट मोकळी करून देतो आणि दुसरीसाठी मालकाची परवानगी आवश्यक मानतो. हा भेद का निर्माण झाला, तो कोणत्या तत्त्वावर उभा आहे आणि ज्या व्यक्तीच्या गळ्यातून ते गाणे प्रत्यक्षात उमटले तिचे स्थान त्यात कोठे आहे, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. एका गाण्यातील अनेक हक्क

व्यवहारात ‘गाणे’ ही एकच वस्तू समजली जाते. कायद्याच्या दृष्टीने मात्र एका ध्वनिमुद्रित गाण्यात किमान तीन स्वतंत्र कृती असतात. गीताचे शब्द ही साहित्यकृती होय. चाल ही संगीतकृती होय. आणि विशिष्ट दिवशी, विशिष्ट गायकाने व वादकांनी ती चाल सादर केली असता यंत्राने जे टिपून ठेवले, ते ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती होय. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम १३ असे सांगते की, ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकारामुळे त्यात समाविष्ट असलेल्या शब्दांवरील व चालीवरील स्वतंत्र प्रताधिकारास बाध येत नाही. म्हणजेच एकाच गाण्याच्या तिन्ही अंगांचे मालक तीन वेगवेगळ्या व्यक्ती किंवा संस्था असू शकतात.

मराठी रसिकाला हा भेद संगीत नाटकाच्या उदाहरणावरून सहज उमजेल. ‘संगीत मानापमान’ची पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ती पदे बालगंधर्वांनी गायिली, मास्टर दीनानाथांनी गायिली आणि पुढे अनेक पिढ्यांच्या गायकांनी गायिली. पद एकच असले तरी प्रत्येकाचे गायन वेगळे. बालगंधर्वांचे पद दुसऱ्या गायकाने आपल्या गळ्याने गाणे ही एक गोष्ट झाली. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतील तानच उचलून आपल्या ध्वनिमुद्रिकेत बसविणे ही निराळी गोष्ट झाली. पहिल्या कृतीत पद घेतले जाते, दुसरीत गायकाचा गळाच घेतला जातो. कव्हर आणि सॅम्पलिंग यांतील फरकाचे सार एवढेच आहे.

२. कव्हर : कायद्याने उघडे ठेवलेले दार

कव्हरला कायद्याने सवलत का दिली, याचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या पियानो-रोलमध्ये सापडते. छिद्रे पाडलेल्या कागदी गुंडाळीवर स्वयंचलित पियानो वाजत असे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही गुंडाळी म्हणजे संगीतलेखनाची प्रत नव्हे. त्यामुळे संगीतकारांना तिच्या विक्रीतून काहीच मिळेना. पुढच्याच वर्षी, १९०९ च्या कायद्याने, यांत्रिक प्रती काढण्याचा हक्क संगीतकाराला देण्यात आला. परंतु त्याच वेळी दुसरी भीती समोर आली. एओलियन नावाच्या एका बलाढ्य कंपनीने अनेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते. सर्व संगीत तिच्या एकटीच्या हाती गेले असते. यावर तोडगा म्हणून असे ठरले की, एकदा मालकाच्या संमतीने चालीची यांत्रिक प्रत निघाली की इतर कोणीही ठरलेले स्वामित्वधन देऊन त्या चालीची स्वतःची प्रत काढू शकेल. ब्रिटनच्या १९११ च्या कायद्यातही अशीच तरतूद झाली आणि १९१४ च्या कायद्याने ती भारतात आली.

स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या अधिनियमात ही सवलत कलम ५२ (१) (जे) मध्ये होती. मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यानंतर दोन पूर्ण वर्षे लोटली की, मालकास पूर्वसूचना व स्वामित्वधन देऊन त्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येत असे. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा या तरतुदीचे व्यापारी मोल प्रथमच सर्वांच्या ध्यानात आले. जुन्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाकडे, म्हणजे आजच्या सारेगामाकडे, होत्या. टी-सीरिजने तीच गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि कमी किमतीत बाजारात आणली. पुढे नावारूपास आलेल्या काही गायकांच्या कारकिर्दीचा आरंभही अशा व्हर्जन-कॅसेटींतून झाला.

या सवलतीमुळे गाणे एका कंपनीच्या कपाटात अडकून पडत नाही, हा तिचा गुण होय. तथापि तिच्यातून तक्रारीही उद्‌भवल्या. वेष्टनावरील चित्रे व अक्षरे अशी असत की ग्राहकाला हीच मूळ ध्वनिमुद्रिका वाटावी. पूर्वसूचना व स्वामित्वधन यांबाबत वाद होत. शिवाय रिमिक्सच्या लाटेत चालीत व शब्दांत इतके फेरफार होऊ लागले की, हे गाणे पुन्हा गायिले गेले की मोडतोड करून वापरले गेले, असा प्रश्न संगीतकारांनी उपस्थित केला. फेरफाराला जुन्या तरतुदीतही मर्यादा होत्या; त्या व्यवहारात फारशा पाळल्या गेल्या नाहीत.

या तक्रारींची दखल २०१२ च्या दुरुस्तीने घेतली. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने जुनी तरतूद काढून टाकली आणि कलम ३१-सी अन्वये कव्हरसाठी वैधानिक अनुज्ञप्तीची पद्धत आणली. प्रतीक्षेचा काळ दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्यात आला. प्रत्येक गाण्यासाठी दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन भरणे आवश्यक झाले. मूळ गायकाचे नाव वा चित्र वापरून ग्राहकाची दिशाभूल करण्यास मनाई झाली आणि हे कव्हर आहे असे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक ठरले. तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य नसलेला फेरफार मालकाच्या संमतीविना करता येणार नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. दार उघडेच राहिले. उंबरठा मात्र उंच झाला.

३. सॅम्पलिंग : उचललेला ध्वनी

सॅम्पलिंगचे मूळ न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील १९७० च्या दशकातील नृत्यमेळाव्यांत आहे. तेथील डीजे एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून तालवाद्याचा नेमका तुकडा पुन्हा पुन्हा वाजवीत आणि त्यावर तोंडी पद्यरचना होत असे. हिप-हॉप संगीताचा जन्म यातून झाला. १९८० च्या दशकात डिजिटल सॅम्पलर आले. कोणत्याही ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलणे, त्याची पट्टी वर-खाली करणे, त्याचे सलग आवर्तन करणे ही कामे एका पेटीएवढ्या यंत्रावर होऊ लागली. ज्यांना वाद्यवृंद परवडत नव्हता त्यांच्यासाठी जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह हाच वाद्यवृंद ठरला.

आरंभी या प्रथेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने बिझ मार्की या रॅप गायकाविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओ’सलिव्हन यांच्या १९७२ सालच्या गाजलेल्या गाण्यातील भाग परवानगीशिवाय वापरला होता. न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभच चोरी निषिद्ध ठरविणाऱ्या बायबलमधील आज्ञेने केला आणि हे प्रकरण फौजदारी कारवाईच्या विचारार्थ सरकारी वकिलांकडे पाठविले. तेव्हापासून अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांत प्रत्येक उचललेल्या तुकड्याची आधी परवानगी काढण्याची रीत दृढ झाली.

किती लहान तुकडा उचलला तर चालेल, यावर मात्र तेथील न्यायालयांत आजही एकमत नाही. २००५ साली सहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ‘फंकॅडेलिक’ या समूहाच्या ध्वनिमुद्रणातील सुमारे दोन सेकंदांच्या गिटारच्या तुकड्याबाबत कठोर भूमिका घेतली : परवाना घ्या, नाही तर उचलू नका. उलट २०१६ साली नवव्या परिमंडळाने मॅडोनाच्या ‘व्होग’ या गाण्यातील ०.२३ सेकंदाच्या वाद्यध्वनीच्या वापरास क्षुल्लक ठरवून दोषमुक्त केले.

२००५ च्या निर्णयामागील युक्तिवाद येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकी कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाच्या मालकाला त्याची हुबेहूब नक्कल थांबविता येत नाही. दुसऱ्याने स्वतंत्रपणे वादक बसवून तंतोतंत तसाच ध्वनी निर्माण केला, तर तो ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा भंग होत नाही. चालीचे स्वामित्वधन दिले की झाले. नक्कल इतकी मोकळी असल्यामुळेच प्रत्यक्ष ध्वनी उचलणाऱ्यास सबब उरत नाही, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. भारतीय कायद्याची मांडणीही याच दिशेची आहे. मूळ ध्वनिमुद्रण अंतर्भूत असलेले दुसरे ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क कलम १४ अन्वये मालकाकडे आहे. कव्हरमध्ये मूळ ध्वनिमुद्रण अंतर्भूत नसते. सॅम्पलमध्ये ते असते.

या भूमिकेवर आक्षेपही आहे. परवान्याची किंमत मोठ्या कंपन्यांना परवडते. घरच्या खोलीत संगीत रचणाऱ्या तरुणाला ती परवडत नाही. ज्या कलाप्रकाराचे व्याकरणच जुन्या ध्वनींच्या जुळणीवर उभे आहे, त्याला प्रत्येक ध्वनीसाठी दोन-दोन परवाने मागणे म्हणजे गरिबांची कला श्रीमंतांच्या हाती देणे होय, असे हिप-हॉपचे अभ्यासक म्हणतात. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ‘अ‍ॅडिक्टिव्ह’चे प्रकरण त्या वर्गात बसत नाही, हे पुढील तपशिलावरून दिसेल.

४. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’चा वाद

‘अ‍ॅडिक्टिव्ह’चा संगीतनिर्माता डीजे क्विक होता. पहाटे दूरचित्रवाणीवर हिंदी चित्रपटातील गाणे दिसले आणि ते टिपून घेतले, असे त्याने पुढे मुलाखतीत सांगितले. डॉक्टर ड्रे यांच्या आफ्टरमाथ या संस्थेने ते गाणे काढले आणि तिच्यामागे युनिव्हर्सल हा जगातील सर्वांत मोठ्या संगीतसमूहांपैकी एक होता. उचललेला भाग एखाद-दुसऱ्या सेकंदाचा नव्हता. लता मंगेशकरांचा आवाज हाच गाण्याचा कणा होता; तो वगळला तर गाण्यात ओळखण्याजोगे फारसे उरत नाही. असे असताना मूळ संगीतकाराचे नाव श्रेयनामावलीत नव्हते.

२००२ मध्ये सारेगामाने लॉस एंजेलिस येथील न्यायालयात ५० कोटी डॉलरहून अधिक भरपाईची मागणी करणारा दावा दाखल केला. बप्पी लाहिरी यांनीही स्वतंत्रपणे न्यायालयात धाव घेतली. २००३ च्या प्रारंभी न्यायालयाने लाहिरी यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला : संगीतकार म्हणून त्यांचे नाव छापल्याखेरीज त्या ध्वनिमुद्रिकेची पुढील विक्री करता येणार नाही. मुंबईतील एका चित्रपट-संगीतकाराने अमेरिकेच्या बलाढ्य संगीतउद्योगाला आपले नाव छापावयास लावले, ही त्या वेळी भारतात अभिमानाने सांगितली गेलेली घटना होती.

परंतु खटला पुढे सरकला तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. ‘हे गाणे उचलले काय?’ याऐवजी ‘हे गाणे कोणाचे?’ असा प्रश्न केंद्रस्थानी आला. कृती ज्या देशात निर्माण झाली त्या देशाच्या कायद्याने तिची मालकी ठरते, हे तत्त्व अमेरिकी न्यायालयांनी स्वीकारले आहे. म्हणून लॉस एंजेलिसमधील खटल्यात भारतीय कायदा पाहावा लागला. लाहिरी यांनी ‘ज्योती’चे संगीत प्रमोद फिल्म्ससाठी मोबदला घेऊन केले होते; चालीची मालकी निर्मात्याकडे गेली होती आणि निर्मात्याकडून ती सारेगामाकडे आली होती. म्हणजे चाल रचली लाहिरींनी, पण ती त्यांची नव्हती. २०१० साली नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने असा ठपका कायम ठेवला की, हे ठाऊक असूनही प्रताधिकाराचा दावा वर्षानुवर्षे लढविण्यात आला. लाहिरींच्या वकिलांनी प्रतिपक्षास सुमारे २ लाख ४७ हजार डॉलर इतका खर्च स्वतः द्यावा, हा आदेशही त्या न्यायालयाने उचलून धरला. ज्या खटल्याने संगीतकाराला नाव मिळवून दिले, त्याच खटल्याने त्याचा हक्क मात्र नाकारला.

५. ‘आराधना’ आणि एका सेकंदाचा तुकडा

दुसरे प्रकरणही मुंबईच्याच गाण्याचे आहे. १९६९ च्या ‘आराधना’ या चित्रपटात सचिन देव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले, लता मंगेशकर व मोहम्मद रफी यांनी गायिलेले ‘बागों में बहार है’ हे युगुलगीत आहे. त्यातील सुमारे एका सेकंदाचा तुकडा टिंबालँड या निर्मात्याने ‘द गेम’ या रॅप गायकाच्या २००५ सालच्या एका गाण्यात वापरला, अशी सारेगामाची तक्रार होती.

या खटल्याचा निकाल २०११ साली अकराव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयात लागला आणि तोही मालकीच्याच मुद्द्यावर लागला. शक्ती फिल्म्स आणि ग्रामोफोन कंपनी यांच्यात १९६७ साली झालेला करार न्यायालयाने बारकाईने वाचला. त्या करारान्वये कंपनीला मिळालेला अनन्य हक्क दोन वर्षांपुरता होता. त्यानंतरही ध्वनिमुद्रणाची मालकी तिच्याकडे राहिल्याचे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. सारेगामाचा दावा फेटाळला गेला. एका सेकंदाचे सॅम्पल योग्य की अयोग्य, या प्रश्नाला न्यायालयाने हात घालण्याची गरजच उरली नाही.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. एका खटल्यात संगीतकार मालक ठरला नाही, दुसऱ्यात कंपनी मालक ठरली नाही. दोन्हींत निर्णय झाला तो निर्मात्याच्या दप्तरातील जुन्या कागदांवरून. आणि ज्या आवाजामुळे ते तुकडे उचलण्याजोगे वाटले, त्या आवाजाच्या धनिणीला विचारण्याचा प्रसंग कोणत्याच टप्प्यावर आला नाही.

६. गायकाचे स्थान

ही स्थिती योगायोगाने आलेली नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या प्रकरणात असे ठरविले की, विरुद्ध करार नसेल तर चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच होय. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जोडलेल्या टिपणीत गायकाच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले आहे. भारतीय संगीतात रचनेचा प्राण गायकाच्या सादरीकरणात असतो. कायदा मात्र स्वरलिपीत लिहिलेल्या रचनेलाच संगीत मानतो आणि गाणाऱ्याला काहीच देत नाही. हे भारतीय परंपरेशी विसंगत असून संसदेने त्याचा विचार करावा, असा त्यांच्या टिपणीचा आशय होता. संगीत नाटकाची परंपरा जाणणाऱ्या मराठी वाचकाला या म्हणण्याचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वतः लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकातच पार्श्वगायकांना गाण्याच्या विक्रीतून वाटा मिळावा, अशी भूमिका घेतली होती. गाण्याचे मानधन मिळाले की गायकाचा संबंध संपतो, असे मत असलेल्या मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचा याच मुद्द्यावर मतभेद झाला आणि काही वर्षे दोघे एकत्र गायिले नाहीत. गायकाला नवे ध्वनिमुद्रण थांबविता यावे एवढीच ही मागणी नव्हती. आपला आवाज जितक्या वेळा विकला जाईल, तितक्या वेळा त्याची नोंद आपल्या नावावर व्हावी, हे तिचे मूळ होते.

संसदेने पहिले पाऊल १९९४ च्या दुरुस्तीने उचलले. संगीतकृतीच्या व्याख्येतील लिखित रूपाची अट गेली आणि सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. परंतु एकदा चित्रपटासाठी संमती दिली की हा हक्क उरत नव्हता. म्हणजे पार्श्वगायकाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी वापरातून स्वामित्वधन मिळण्याचा हक्क गायकास दिला, तसेच चित्रपटासाठी लिहिणाऱ्या व स्वरबद्ध करणाऱ्यांना आपला स्वामित्वधनाचा वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, अशी तरतूद केली. २०१३ मध्ये गायकांची स्वतंत्र प्रताधिकार संस्थाही नोंदविली गेली. ‘ज्योती’ आणि ‘आराधना’ या चित्रपटांचे करार मात्र याच्या कितीतरी आधीचे होते.

येथे एक प्रतिवाद विचारात घेणे न्यायाचे ठरेल. बप्पी लाहिरी यांच्या काही चालींचे पाश्चात्त्य गाण्यांशी असलेले साम्य श्रोत्यांनी व समीक्षकांनी वेळोवेळी दाखविले आहे. ‘डिस्को डान्सर’ (१९८२) मधील एका गाण्याचे ‘द बगल्स’च्या १९७९ च्या गाण्याशी असलेले साम्य हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मग त्यांनी तक्रार का करावी, असा प्रश्न विचारला जातो. चाल संमतीविना घेणे हेही समर्थनीय नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही त्या गाण्यात मुंबईच्या गायकांनी व वादकांनी ते सूर स्वतः उभे केले होते. ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये चालीबरोबर एका व्यक्तीचा प्रत्यक्ष आवाज घेतला गेला. दोष दोन्हींत असेल. घेतलेली वस्तू मात्र एकच नव्हती.

७. नवे वळण : यंत्राने घडविलेला आवाज

कव्हर आणि सॅम्पल या दोन कोटींत न बसणारा तिसरा प्रकार अलीकडे पुढे आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने एखाद्या गायकाच्या आवाजाची प्रतिकृती तयार करून तिच्याकडून न गायिलेले गाणे गाऊन घेऊ शकतात. यात कोणी पुन्हा गात नाही, म्हणून हे कव्हर नव्हे. तयार गाण्यात मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडाही ऐकू येत नाही, म्हणून हे नेहमीच्या अर्थाने सॅम्पलिंगही नव्हे. नक्कल मोकळी आणि उचल बंद, ही जुनी सीमारेषा येथे पुसट होते.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात अंतरिम आदेश देऊन, संमतीविना गायकाच्या आवाजाची अशी प्रतिकृती करणे हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाधिकाराचा भंग ठरतो, अशी भूमिका घेतली. या आदेशांचे वैशिष्ट्य असे की, त्यांत न्यायालयाने गायकाचे म्हणणे तो चालीचा किंवा ध्वनिमुद्रणाचा मालक आहे म्हणून ऐकलेले नाही. आवाज त्याचा आहे म्हणून ऐकले आहे. १९७७ च्या टिपणीत ज्या उणिवेकडे बोट दाखविले होते, ती भरून काढण्याचा प्रयत्न वेगळ्या मार्गाने होऊ लागला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) कव्हर आणि सॅम्पलिंग यांतील कायदेशीर भेद चाल व ध्वनिमुद्रण यांच्या वेगळेपणावर आधारलेला आहे. चाल अनेकांनी गावी यासाठी कायदा ठरावीक मोबदल्यात वाट मोकळी ठेवतो. प्रत्यक्ष ध्वनी उचलण्यास मालकाची परवानगी मागतो.

(२) चित्रपटगीतांच्या बाबतीत ‘मालक’ आणि ‘निर्माता कलावंत’ हे बहुधा एक नसतात. म्हणून परदेशात लढल्या गेलेल्या दोन्ही खटल्यांचा निकाल उचलीच्या प्रश्नावर न लागता मालकीच्या कागदांवर लागला. जुने करार जपून ठेवणे व ते नीट वाचणे हे कलावंत आणि कंपनी या दोघांच्याही हिताचे आहे.

(३) नाव छापले जाणे आणि हक्क मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लाहिरी यांना पहिली मिळाली, दुसरी मिळाली नाही.

(४) आवाज हा गायकाचा असूनही त्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार दीर्घकाळ इतरांकडेच राहिला. २०१२ ची दुरुस्ती आणि त्यानंतरचे न्यायालयीन आदेश यांनी ही स्थिती बदलण्यास आरंभ केला आहे.

लता मंगेशकर यांचे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी आणि बप्पी लाहिरी यांचे त्याच महिन्याच्या १५ तारखेला मुंबईत निधन झाले. १९८१ साली प्रथम प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाला भारतीय कायद्याने साठ वर्षांचे, म्हणजे २०४१ च्या अखेरपर्यंतचे संरक्षण आहे. तोपर्यंत ‘थोडा रेशम लगता है’ पुन्हा कोणी गाऊ इच्छील, कोणी त्यातील तुकडा उचलू इच्छील, तर कोणी यंत्राकडून त्या आवाजात नवेच काही गाऊन घेऊ इच्छील. त्या प्रत्येक वेळी परवानगी कोणाची घ्यावयाची याचे उत्तर कागदावर सापडेल. श्रेय कोणाचे, याचे उत्तर मात्र गाणे सुरू होताच पहिल्या स्वरात मिळते, आणि कागदावरचे उत्तर त्याच्या जितके जवळ येईल तितका कायदा न्यायाच्या जवळ गेला असे म्हणता येईल.